हरिपूरच्या पेवांवरचा गेम : देवनागरी अक्षरे, तंबोरा आणि विक्रीची तयारी

सांगलीत आम्ही तिघे मिळून जो गेम करत आहोत, त्याचा पहिला भाग आता आरंभापासून अखेरपर्यंत खेळता येतो. कथा हरिपूरच्या हळदीच्या पेवांभोवती फिरते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद होत जाणाऱ्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, हा तिथला रिवाज आमच्या गेमचा मुख्य डाव झाला आहे. चढते पाणी, पेवांची उघडी तोंडे आणि आत उतरलेल्या माणसांचा श्वास यांचा मेळ खेळणाऱ्याला एकाच वेळी घालावा लागतो.

या टप्प्यात सर्वाधिक वेळ अक्षरांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता, असे माझे ठाम मत आहे. संवाद मुळातच मराठीत लिहिलेले आहेत, इंग्रजी भाषांतर नंतर होणार आहे. त्यामुळे जोडाक्षर फुटलेले किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडलेली दिसली, तर खेळणाऱ्याचा कथेवरचा विश्वास तिथेच उडेल. आम्ही गोडो हे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, म्हणजेच गेम इंजिन, वापरतो. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून अक्षरे जोडून दाखवणाऱ्या हार्फबझ या सॉफ्टवेअरच्या आधाराने देवनागरीची जुळणी नीट होते. तिसऱ्या आवृत्तीत ती सोय नव्हती. मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट घेतला आहे, कारण त्याच्या खुल्या वापराच्या ओपन फाँट परवान्यामुळे तो गेमसोबत देता येतो. लेबलची, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकाची, भाषा मराठी अशी स्पष्ट नोंदवणेही आवश्यक आहे, कारण फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिलेली असतील, तर ती त्या नोंदीवरूनच निवडली जातात.

संवाद एकेक अक्षराने उमटवताना खरी परीक्षा होते. इंजिनाला कच्ची वर्णसंख्या मोजू दिली, तर ‘क्षणभर’ या शब्दात आधी ‘क’, मग पाय मोडलेला ‘क्’ आणि मग एकदम ‘क्ष’ असे रूपांतर डोळ्यांसमोर होते आणि ओळ थरथरल्यासारखी वाटते. गोडोच्या रिचटेक्स्टलेबल या मजकूर दाखवणाऱ्या घटकामध्ये आधी संपूर्ण ओळ जुळवून मगच ती क्रमाने दाखवण्याचा पर्याय आहे. मराठीसाठी तोच वापरावा. ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’ अशा शब्दांतील ऱ्य प्रत्येक फाँटमध्ये मुद्दाम तपासावा. संवादाच्या चौकटीची उंचीही इंग्रजीच्या मापाने ठरवता येत नाही, कारण ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वर जागा मागतात, तर उकार आणि ऋकार खाली उतरतात. आमची चित्रकार सहकारी याच कारणाने पिक्सेल आर्टच्या, म्हणजे मोजक्या चौकोनी ठिपक्यांतून चित्रे आणि अक्षरे घडवण्याच्या शैलीच्या, विरोधात होती आणि तिचे म्हणणे मला पूर्ण पटले: इतक्या कमी उंचीत मराठी वाक्य सुखाने वाचता येत नाही.

ध्वनीचे काम मिरजेच्या तंबोऱ्यावर उभे आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इतके मोठे वाद्यनिर्मितीचे केंद्र शेजारी असताना विकतचे नमुने वापरण्यात मला अर्थ वाटत नाही. पेवातील हवा कमी होऊ लागली की आधी तंबोऱ्याची पंचमाची तार थांबते, मग मधल्या जोडाच्या तारा विरतात आणि शेवटी फक्त खालच्या सुराची खर्जाची तार उरते, त्यामुळे पडद्यावर श्वासाची पट्टी दाखवावी लागत नाही.

विक्रीकडे वळायचे, तर स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात एका गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १,००० डॉलरपर्यंत पोहोचल्यावर ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून प्रकाशनापर्यंत किमान ३० दिवस आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे लोकांसमोर, या दोन अटी वेळापत्रकात आधीच बसवाव्यात. करविषयक माहितीत पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका यांच्यातील करविषयक कराराचा लाभ घेतला, तर अमेरिकेतील विक्रीवरची कपात ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के होते. स्टीमचा स्वतःचा वाटा सुरुवातीला ३० टक्के असतो, तो वेगळा. रुपयांतील किंमत स्वतंत्रपणे ठरवता येते आणि ती ठरवावीच, कारण डॉलरचा सरळ हिशेब आपल्याकडच्या विद्यार्थ्याला परवडणारा नसतो.

परताव्याच्या नियमावर आमच्यात बरीच चर्चा झाली. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो आणि आमची कथा साधारण तेवढ्याच वेळात संपते. ती लांबवण्यासाठी निरर्थक फेऱ्या घालायच्या नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. त्याऐवजी पूर ओसरल्यानंतरचे दुसरे पर्व जोडत आहोत, ज्यात भिजलेली हळद बाहेर काढून तिचा निवाडा करायचा असतो. हा भाग कथेला मुळातच हवा होता.

नेक्स्ट फेस्ट हा येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये असतो, पण एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. म्हणून डेमो तयार असला, तरी विशलिस्टची, म्हणजे गेम पुढे घेण्यासाठी यादीत टाकून ठेवणाऱ्यांची, संख्या पुरेशी वाढेपर्यंत आम्ही ती संधी राखून ठेवणार आहोत. तोपर्यंत जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेमो चालवून पाहण्याचे काम हाती घेतले आहे. पुराचे पाणी रंगवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे शेडर, तिथे अडखळतो, त्यामुळे पाण्याचे दूरचे थर साध्या चित्रांत बदलत आहोत.