शुगर रक्तात, मोतीबिंदू डोळ्यात: तुम्ही विचारलंत म्हणून

चष्म्याचा नंबर काढायला बसलेलं माणूस हमखास विचारतं, "शुगर रक्तात, मग मोतीबिंदू डोळ्यात कसा? आणि गोड सोडलं तर तो उतरेल का?"

गंमत म्हणजे डोळ्यातल्या भिंगात रक्त जातच नाही. रक्तवाहिन्या असत्या तर आरपार दिसलं नसतं. भोवतीच्या पाण्यातून ग्लुकोज झिरपतं, त्यावर त्याचं भागतं. प्राणवायूही बेताचाच, त्यामुळे बहुतेक ग्लुकोज त्याच्याविनाच मोडलं जातं. गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात बनलेली, ती जन्मभर तीच. (2016 साली ग्रीनलंड शार्कचं वय किमान 272 वर्षं निघालं, ते भिंगाच्या याच गाभ्यावरून.) बिघडलेलं प्रथिन बदलायची सोय नाही, म्हणून ते जपायला ग्लुटाथायोन नावाचं रक्षक रसायन असतं. वयाबरोबर ते गाभ्यात कमी पडतं, प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि दिसणं धुरकट होतं; हाच मोतीबिंदू.

आता शुगर. भिंगात शिरायला ग्लुकोजला इन्सुलिन लागत नाही; बाहेर वाढलं की आत वाढलं. जास्तीच्या ग्लुकोजचं सॉर्बिटॉल (साखरेचंच भावंड) होतं आणि ते पेशीतून सहजी बाहेर पडत नाही. बेदाणा पाण्यात टाकला की टम्म फुगतो ना, तसं भिंग पाणी ओढून फुगतं. 1959 साली ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांनी हे सॉर्बिटॉल उंदरांच्या भिंगात दाखवलं. उंदरांना त्याने झटपट मोतीबिंदू होतो. आपल्यात ते बनवणारं एन्झाइम कमी, म्हणून सगळं सावकाश.

हा बेदाणा मला एका चुकीने शिकवला. नवीन होते तेव्हा एक काका आले, खुशीत. "पेपर आता चष्म्याशिवाय वाचतो!" लांबचं मात्र दिसेना. मी मायनस नंबर काढून दिला, शुगर विचारलीच नाही. दीड महिन्याने काका चष्मा टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरी, ह्यातून गरगरतं." मधल्या काळात औषधं सुरू होऊन शुगर खाली आली होती; भिंगाची सूज उतरली, नंबरही उतरला. काचा पदरच्या पैशांनी बदलून दिल्या.

तर सूज उतरते. गढुळलेलं भिंग सहसा निवळत नाही. अपवाद म्हणजे गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर शरीराला नीट न वापरता येण्याचा जन्मजात आजार) असलेली तान्ही बाळं: त्यांचं दूध वेळेत बंद केलं तर सुरुवातीचा मोतीबिंदू खरंच निवळू शकतो. काकांनी चहातली साखर सोडली, तरी चार वर्षांनी ऑपरेशन करावंच लागलं.