शंभरातले किती पोहोचतात?

संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ओळखीतल्यांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: ‘अमुक संस्थेला देणगी द्यायचीय. शंभरातले किती गरजूंपर्यंत पोहोचतात, तेवढं बघून सांगाल?’

त्यांना मी सांगते, हा आकडा मी सगळ्यात शेवटी बघते. कारण तो हवा तसा काढता येतो. एखादी संस्था मुदत संपत आलेली औषधं देणगीत घेते, ती बाजारातल्या चढ्यात चढ्या भावानं जमेला धरते आणि वाटल्यावर त्याच भावानं खर्ची टाकते. कार्यक्रमावरचा खर्च असा फुगतो की त्यापुढे कार्यालयाचा खर्च चिमूटभर दिसतो. देणगी मागणाऱ्या पत्रकात आरोग्याच्या चार ओळी घातल्या, की छपाईचा निम्मा खर्च ‘जनजागृती’त जातो. आणि जी संस्था चांगला हिशेबनीस ठेवते, माणसांना धड पगार देते, ती मात्र उधळी ठरते. 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं: नुसत्या या टक्केवारीवर कुणाला जोखू नका. दुसऱ्या संस्थांची पारख करणं हेच ज्यांचं काम, त्यांनी हे लिहिलं म्हणून मला ते जास्त पटलं.

मग बघायचं काय? लेखापरीक्षकाचा अहवाल मागवा (द्यायला खळखळ केली तर तिथेच थांबा) आणि तो शेवटच्या पानापासून वाचा. लेखापरीक्षकानं ‘अमुक गोष्ट वगळता हिशेब बरोबर’ असा शेरा मारलाय का, ते बघा. खरा ऐवज शेवटच्या बारीक टिपांमध्ये असतो. एका संस्थेच्या अहवालात पुढची पानं गुळगुळीत, हसऱ्या मुलांच्या फोटोंची. मागे, एका टिपेच्या तिसऱ्या ओळीत, संस्थेची गाडी एका विश्वस्ताच्याच नातेवाइकाकडून भाड्यानं घेतल्याचं लिहिलेलं. वर्षाच्या भाड्यात तसली नवी गाडी आली असती.

पण हिशेब चोख म्हणजे काम चोख, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चं उदाहरण घ्या. मुलांनी फिरतं चक्र खेळायचं आणि त्यावर पाण्याचा पंप चालायचा. कल्पना इतकी गोड की 2006 मध्ये अमेरिकेतून त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर झाले. 2009 मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रानं साधा गुणाकार केला: एका पंपावर 2,500 माणसांची गरज भागवायची तर मुलांनी दिवसाचे 27 तास खेळायला हवं! प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी बायकाच ते जड चक्र हातानं ढकलत होत्या. ‘मुलं वर्गात असताना पाणी कोण काढणार?’ एवढं विचारायला लेखापाल लागत नाही.

पैसे नको म्हणणारी संस्था दिसली, तर तिचं नाव लिहून ठेवा. 2004 च्या त्सुनामीनंतर जगभरातून मदतीचा ओघ सुरू असताना ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेनं जानेवारी 2005 च्या सुरुवातीलाच त्सुनामीसाठीच्या देणग्या घेणं थांबवलं. गरजेपुरते जमले होते. वरचे पैसे दुसऱ्या संकटात वापरू का, असंही त्यांनी देणगीदारांना विचारलं.

स्वतःच्या खिशातले द्यायचे असले, की मी सरळ फोन करते आणि एकच विचारते: ‘गेल्या वर्षी काय फसलं?’ एका मोठ्या संस्थेतल्या गृहस्थांनी ऐकवलं, ‘आमच्याकडे तसं काही होत नाही, मॅडम.’ एका छोट्या संस्थेतली बाई मात्र म्हणाली, ‘थांबा, वही आणते.’ मग पानं उलटल्याचा आवाज. मुलांसाठी वाचनालय काढलं होतं, ते चार महिन्यांत बंद पडलं. उघडायचं दुपारी, आणि मुलं मोकळी व्हायची संध्याकाळी. ‘आमच्या लक्षातच आलं नाही हो,’ ती म्हणाली. आता वेळ बदललीय, पण किल्ली सांभाळायला माणूस मिळत नाहीये.

पैसे कुठल्या कामाच्या नावानं पाठवू, असं मी विचारलं. ती जरा घुटमळली. ‘काहीच लिहिलं नाहीत तर चालेल? म्हणजे विजेचं बिलही भरता येईल.’