ग्रीन बिल्डिंग? आधी गेटबाहेर या

"या बिल्डिंगला ग्रीन रेटिंग आहे म्हणे, मग फ्लॅट घ्यायला हरकत नाही ना?" मी आर्किटेक्ट असल्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: सॅम्पल फ्लॅट बघून झाला की ब्रोशर पिशवीत टाका आणि कंपाउंडच्या बाहेरून एक चक्कर मारा.

रेटिंग खोटं नसतं. 'गृह' घ्या नाहीतर आयजीबीसी, आपल्याकडच्या या दोन्ही ग्रीन रेटिंग पद्धतींत वीज, पाणी, बांधकामाचं साहित्य, कचरा, सगळ्याचे गुण मिळवावे लागतात. बसस्टॉप जवळ असल्याचेही थोडे मिळतात. पिंपरी-चिंचवड महापालिका तर 'गृह'साठी मिळकतकरात सवलत देते. पण हा बहुतेक हिशोब प्लॉटच्या हद्दीतला.

पुण्यात दोन मजली बेसमेंट खणलं की बऱ्याच ठिकाणी काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी लागतं. मग मोटर लावून ते उपसत राहायचं. बाणेरच्या बाजूला एका गेटसमोर मी पाहिलं, जाड पाइपातून नितळ पाणी रस्त्याकडेच्या गटारात पडतंय आणि त्याच गेटातून पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत आत शिरतोय. वरचा बगीचा पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या, स्लॅबवर, त्यामुळे पाऊस मुरायला खाली जमीनच उरलेली नाही. आतल्या नळांना पाणी वाचवणारे एरेटर मात्र झकास!

हे फक्त आपल्याकडचं नाही. लंडनच्या २० फेंचर्च स्ट्रीट या टॉवरची काचेची भिंत आत वळलेली. २०१३ साली, काम चालू असताना, तिने ऊन एकवटून खाली उभ्या असलेल्या जॅग्वार गाडीचे भाग वितळवले. पुढे काचेवर आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. त्याच इमारतीला 'ब्रीम' या ब्रिटिश ग्रीन रेटिंगचं 'एक्सलंट' मानांकन आहे.

मला जपानची 'कॅस्बी' ही रेटिंगची पद्धत त्यातल्या त्यात पटते. ती प्लॉटभोवती एक काल्पनिक हद्द आखते. आत राहणाऱ्यांना काय मिळालं हे वर, हद्दीबाहेर किती भार टाकला हे खाली, आणि भागाकार करायचा. आत कितीही सुखसोयी करा, शेजाऱ्याच्या खिडकीवर एसीची गरम हवा सोडलीत की खालचा आकडा फुगणार.

तेव्हा बिल्डरला विचारा, एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, उरलेलं पाणी कुठे सोडता? बेसमेंटचा उपसा कुठे जातो? एप्रिलमध्ये दिवसाला टँकर किती? शेवटचं वॉचमनला विचारलेलं बरं. कोथिंबीर आणायला गाडी काढावी लागेल का, ते स्वतः चालून बघा, दुपारी बारा वाजता.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "मग रेटिंग नसलेली जुनी सोसायटी चालेल?" चालेल की. कोथरूडमधली चार मजली, मागे आंब्याचं झाड, कोपऱ्यावर पीएमपीचा स्टॉप. लिफ्ट नसेल, तेवढं गुडघ्यांना विचारून घ्या.