आठवणीवरून घडवलेली बिआत्रिचे

आज दिवसभर डोक्यात बिआत्रिचेच आहे. मध्ययुगीन इटालियन कवी दांतेचं जिच्यावर प्रेम होतं ती, त्याच्या काव्यातली, पण कानोव्हा ह्या इटालियन शिल्पकाराने संगमरवरात घडवलेली, खांद्यापर्यंतचाच पुतळा. फोटो झूम करकरून बघितले. डोक्यावरून पदर घ्यावा तशी ओढणी, त्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट, कपाळाशी कुरळ्या बटा, आणि डोळ्यांत बुबुळं कोरलेलीच नाहीत, त्यामुळे ती आपल्याकडे बघत नाही, आपणच तिच्याकडे बघत बसतो.

आणि हा चेहरा मुळात आहे ज्युलिएट रेकामिएचा, पॅरिसमधल्या एका नावाजलेल्या सुंदर बाईचा! नेपोलियनने १८११ मध्ये तिला पॅरिसबाहेर काढलं, १८१३ मध्ये ती रोमला आली, कानोव्हाकडे येणं-जाणं सुरू झालं. मग ती नेपल्सला गेली तेव्हा ह्याने तिला न सांगता, समोर न बसवता, नुसत्या आठवणीवरून मातीत तिचं डोकं केलं. ती परत आल्यावर हौसेने दाखवलं आणि तिला ते आवडलंच नाही. तिने लपवायला बघितलं पण त्याला कळायचं ते कळलं. तिच्या मानलेल्या मुलीने हे सगळं लिहून ठेवलंय. त्याने मग त्याच डोक्यावर ऑलिव्ह चढवून तिची बिआत्रिचे केली, १८२२ मध्ये तो गेला आणि त्यानंतर त्याच्या सावत्र भावाने संगमरवरातली ती बिआत्रिचे रेकामिएलाच पाठवली. हे वाचून मला खरंच भरून आलं.

तसं बघितलं तर खरी बिआत्रिचे १२९० मध्येच वारली, ती दिसायला कशी होती कोणालाच माहीत नाही, मग दुसऱ्या कोणाच्या तरी आठवणीतलाच चेहरा तिला मिळणार ना. दांतेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ ह्या काव्याचा दुसरा भाग म्हणजे पर्गेटरी, त्याच्या तिसाव्या सर्गात ती येते तेव्हा पांढरी ओढणी, ऑलिव्ह, हिरवा झगा आणि आत ज्वाळेसारखा लाल पोशाख. दगडात रंग कुठून आणणार, कानोव्हाने ओढणी आणि पानं तेवढी ठेवली आणि बाकी सोडून दिलं, हे मला फार आवडलं.

एक मात्र खटकतं. काव्यातली बिआत्रिचे आल्या आल्या दांतेला नावाने हाक मारते, अख्ख्या काव्यात त्याचं नाव येतं ते तेवढ्या एकाच ठिकाणी, आणि मग असा झापते की तो रडायला लागतो. पुतळ्यातली एकदम शांत. इतकी शांत की ही बाई कोणाला रागवेल असं वाटतच नाही, आणि मला त्या चेहऱ्यावर तो राग थोडा तरी हवा होता.