कोठीच्या खोलीतलं माझं टेबल

आमच्या मिरजेच्या घरात नऊ माणसं राहतात. आत्या आणि मामा म्हणजे माझे सासू-सासरे, मोठे भावजी आणि जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची लेक. मी पुण्यातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसचं काम घरून करते. जीएसटीचे रिटर्न, टीडीएस, पगारपत्रकं, पीएफ. २०२०च्या टाळेबंदीत ते घरी आलं आणि घरीच राहिलं. बरेच दिवस मी जिथं जागा मिळेल तिथं लॅपटॉप उघडत होते. आता माझी स्वतःची जागा आहे. एकत्र घरात राहून घरूनच काम करणाऱ्या बायांना उपयोग होईल, म्हणून ती कशी झाली ते सविस्तर लिहिते.

घर जुनं आहे. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि वर माडी. सोप्यात टीव्ही आणि मामांकडं येणारी-जाणारी माणसं. माडीवर पत्रा आहे, त्यामुळं मार्चपासून दुपारी तिथं बसवत नाही. आमच्या खोलीत दिवसा हे झोपलेले असतात, कारण कुपवाडच्या एमआयडीसीत यांना तिसरी पाळी असते. तसंही घरून काम करणाऱ्या बाईनं झोपायच्या खोलीत बसून काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथं आपण काय करतोय ते कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते काम आहे हे घराला पटत नाही.

राहता राहिली कोठीची खोली. माजघराला लागून, पाच फूट रुंद, आठ फूट लांब, परड्याच्या बाजूला एक खिडकी. पत्र्याच्या दोन कोठ्यांत वर्षाचा गहू आणि शाळू, फळीवर डाळींचे डबे, कोपऱ्यात लग्नकार्याची मोठी भांडी. आत्यांच्या हातातली ही खोली. दर उन्हाळ्यात गहू वाळवून, एरंडेल चोळून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून त्या कोठ्या भरतात. मी मागितली ती अर्धीच खोली, आणि विचारलं ते थेट आत्यांना. यांच्याकरवी निरोप धाडला नाही. त्या म्हणाल्या, "आणि धान्य काय डोक्यावर ठेवू?" प्रश्न रास्तच होता. जाऊबाईंनी आणि मी बसून हिशेब केला, नऊ माणसांना महिन्याला किती गहू, किती शाळू लागतो त्याचा. एक कोठी तिथंच राहील, दुसरी माजघराच्या जिन्याखाली जाईल, आणि भांडी माडीवर. जिन्याखाली ओल येते का, हे बघायला आत्यांनी एक पावसाळा तिथं रिकामी कोठी ठेवून पाहिली. मगच हो म्हणाल्या. मला थांबावं लागलं, पण त्या होकारानंतर खोलीवरून कधी शब्द झाला नाही.

एक गोष्ट मात्र मी अट म्हणून मांडली. धान्याला कीड लागू नये म्हणून बाजारात ज्या विषारी गोळ्या मिळतात त्या आता घरात आणायच्या नाहीत. ते ॲल्युमिनिअम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. कोठीजवळ कुणी बसणार असो वा नसो, राहत्या घरात त्या गोळ्या नकोतच. आत्या म्हणाल्या, "आम्ही कधी घातल्यात?" पण मध्यंतरी भावजींनी आणल्या होत्या. एरंडेल आणि कडुनिंबावर आमचं चांगलं भागतं. धान्य काढताना भुसा उडतो, म्हणून लॅपटॉपवर सुती कापड टाकलेलं असतं आणि कोठी सकाळी नऊच्या आत उघडायची असं ठरलंय.

दाराचा विचार सगळ्यात जास्त केला. आमच्या घरात दिवसा कुणी दार लावत नाही. सुनेनं भर दुपारी दार ओढून घेतलं की काहीतरी बिनसलंय, असाच अर्थ निघतो. दार उघडं ठेवलं तर कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांची भांडणं थेट क्लायंटच्या कानात. पडद्यानं आवाज अडत नाही. शेवटी सुतारमामांना बोलावून दाराच्या वरच्या फळ्या काढल्या आणि तिथं साधी पारदर्शक काच बसवली. आता दार लावलेलं असतं आणि तरीही मी सगळ्यांना दिसते. कानावर हेडफोन असला तर काचेबाहेरून खूण करायची, नसला तर सरळ आत यायचं. हा नियम लेकीनं सगळ्यांत आधी उचलला. मला वाटतं, या खोलीत सगळ्यात मोलाचं काही असेल तर ती काच. मी स्क्रीनकडं बघत आकडे जुळवतेय हे येता-जाता दिसायला लागल्यापासून "जरा बस की आमच्यात" असं कुणी म्हणत नाही.

विजेचं काम अंगावर काढू नका. खोलीत एका बल्बपुरतंच जुनं वायरिंग होतं. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून भागलं असतं, पण जुन्या वायरला अर्थिंग नव्हतं. वायरमननं मीटरच्या बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची नवी लाइन अर्थिंगसकट ओढली, तिला वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, दिला. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवर, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हजारेक धरावेत. माझा लॅपटॉप ६५ वॅट, राउटर आणि दिवा मिळून वीस, टेबलफॅन पन्नासेक. हे एकटं सात तास चाललं असतं, पण त्याच बॅटरीवर सोप्यातले दोन पंखेही आहेत आणि जुना छताचा पंखा एकेक सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो. हे मी वहीत मांडून मामांना दाखवलं. ते शिक्षक होते, आकडे दिसले की त्यांना बरं वाटतं. वीज गेली की टीव्ही बंद, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

इंटरनेटचं कारण भिंतीत होतं. राउटर सोप्यात, आणि मध्ये दगड-मातीच्या दोन भिंती, दीड-दीड फुटाच्या. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय तेवढ्यातून पार होत नाही, २.४चं जेमतेम पोचतं. जास्त पैशाचा प्लॅन घेऊन यात काही फरक पडला नसता. सोप्यातून माळ्याच्या तुळईवरून लॅनची केबल आणली. शंभर मीटरपर्यंत ती बिनघोर चालते, आमच्याकडं वीस मीटरही लागली नाही. पोर्टलवर रिटर्न भरताना मध्येच नेट जाणं त्या दिवसापासून थांबलं.

टेबल मामांचं आहे, पेपर तपासायचं, सागवानी, तीस इंच उंच. माझी उंची पाच फूट. हातांसाठी खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. मी पायाखाली जेवणाचा पाट घेतला तर आत्या म्हणाल्या, "पाटाला पाय लावायचा नाही बाई." बरोबरच आहे, त्यावर सणाला पानं मांडतात. सुतारमामांनी उरलेल्या फळ्यांची उतरती घडवंची करून दिली. लॅपटॉप दोन जाड फळ्यांवर, खाली वेगळा कीबोर्ड. खिडकी डाव्या हाताला येईल असं टेबल लावलं. ती पाठीमागं असती तर व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा दिसला असता. पाच फुटी खोलीत नजर लांब जात नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी परड्यातल्या शेवग्याकडं बघते.

वेळेचं मात्र बोलून ठरेना. ते जमलं कालनिर्णयामुळं. माजघरातल्या त्या कॅलेंडरवर आत्यांच्या एकादश्या, चतुर्थ्या, दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, सगळं असतं. त्यावरच मी माझ्या कामाच्या मुदतींना लाल पेनानं गोल करायला लागले. ७ तारखेला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १५ला पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विमा, २०ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न. त्या दिवशी जाऊबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक बघतात आणि महिनाअखेरीचा किराणा, दळण, मुलांचा अभ्यास माझ्याकडं. जुलैत वैयक्तिक रिटर्नची गर्दी आणि आषाढी जवळ येते, सप्टेंबरअखेर ऑडिटची मुदत आणि पुढंमागं गौरी-गणपती. हे आम्ही गुढीपाडव्याच्या आसपासच बसून वाटून घेतो. आता आत्या शेजारणीला सांगतात, "वीस तारखेला नको, तिचं थ्रीबी असतंय." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी सातनंतर खोली पुतण्याची. यंदा त्याची दहावी आहे. माझे कागद कुलपाच्या ड्रॉवरमध्ये जातात, कारण त्यात दुसऱ्यांचे पगार आणि पॅन नंबर असतात. तेवढं कुलूप कुणाला खटकलं नाही.

जाऊबाई माडीवर पिको-फॉल आणि ब्लाउज शिवतात. पत्र्याखाली, उन्हाळ्यातसुद्धा. गल्लीतल्या सगळ्या त्यांच्याकडं येतात आणि घरात मात्र त्याला आजवर "वेळ जायला करते" असं म्हणायचे. खोली झाल्यावर एकदा त्या काचेतून बघत म्हणाल्या, "मलाबी असा एक पॉइंट पाहिजे." मागायला त्यांना इतकी वर्षं लागली, याचं मला वाईट वाटलं. आम्ही माजघराची दुसरी खिडकी ठरवलीय. मशिनला मोटर बसवायची तर पायाशी पॉइंट हवा, सुईवर उजेड हवा आणि कापड बेतायला बाजूला चार फुटांची फळी. वायरमनला रविवारी बोलावलंय. खिडकीखालची आत्यांची ट्रंक कुठं हलवायची, तेवढं ठरायचं राहिलंय.