टाच आणि रजई

जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या थंडीत रात्री कूस बदलली की माझी टाच रजईच्या गिलाफात अडकते, अडकते म्हणजे अक्षरशः, भेगेच्या कडेला धागा लागतो, चर्रर्र आवाज होतो आणि अर्ध्या झोपेत अंगभर शिरशिरी येते.

आमचं घर शहराच्या लष्कर भागातलं, जुनं, मागची भिंत विटांची. दर चार-पाच वर्षांनी मिस्त्री येऊन विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरून जातो कारण विटा ठणठणीत, पण मधला चुना झडलेला, की झाली ओल सुरू. आता गंमत बघा, पीटर एलियास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1983 मध्ये कातडीच्या सगळ्यात वरच्या थराला हीच उपमा दिली, मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे चुना. तळवे-टाचा सोडल्या तर ही अख्खी भिंत कागदापेक्षाही पातळ, आणि तिच्याच जिवावर आपण आतलं पाणी सांभाळून हिंडतोय. चुन्यात साधारण निम्मं सिरॅमाइड नावाची चरबी, पाव कोलेस्टेरॉल आणि बाकी बरंचसं फॅटी ॲसिड. कोलेस्टेरॉलचं नाव वाचून मला उगाच बरं वाटलं, आमच्या घरात त्या बिचाऱ्याला बाबांच्या रिपोर्टपलीकडे कुणी विचारत नाही.

आणि टाच कोरडी पाडून भेगा आणणारा हा चुना घालवण्याचा उद्योग करतो कोण, तर मीच. कडक गरम पाण्याखाली पंधरा मिनिटं उभं राहायचं, वर साबण घासायचा, दोन्हींनी ही चरबी धुतली जाते. त्यात तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात, म्हणजे वरून तेलाचा हात फिरण्याचीही सोय नाही.

यावर इलाज काय, तर घरात दोन पक्ष. आई खोबरेलवाली, मेण वितळवून त्यात तेल घालून वाटी तयार ठेवते. शेजारच्या भाभीजी म्हणतात, "सरसों लगाओ भैया, नारियल तो जम जाता है।" जमतं हे खरंय, बाटली उन्हात ठेवावी लागते. पण मुरैना इथून तासाभरावर, सरसोंचं माहेरच ते, त्यामुळे त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. मी मात्र वाचलं होतं की 2002 मधल्या एका प्रयोगात उंदरांच्या कातडीची ही भिंत मुद्दाम बिघडवून वर सरसोंचं तेल लावलं तर ती भरून यायला उलट उशीर झाला, आणि सूर्यफुलाच्या तेलानं लवकर भरली, त्यात लिनोलेइक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड भरपूर असतं आणि ते सिरॅमाइड बनवायच्या कामी येतं.

हे सांगितल्यावर आईच्या चेहऱ्यावर आधी विजय आणि मग एकदम संशय.

"सूर्यफुलाचं म्हणजे आपलं पुऱ्या तळायचं?"

"हो."

"ते पायाला?"

परवा रात्री लपूनछपून लावलं, वर मोजे चढवले. भेगा काय एका रात्रीत जात नाहीत, पण रजई गप्प होती. आई मात्र सकाळपासून म्हणतेय, अंथरुणाला पुऱ्यांचा वास येतोय.