तुम्ही विचारलंत म्हणून: अळंबीत अळ्या आहेत, म्हणजे ती विषारी नाही ना?

पावसाळा लागला की माझ्या फोनवर अळंब्यांचे फोटो यायला लागतात आणि खाली प्रश्न ठरलेला, "ताई, हिच्यात अळ्या आहेत, म्हणजे खायला चालेल ना?" मी कीटकांचा अभ्यास करते म्हणून मलाच विचारतात. नाही हो, अळीवरून काहीच कळत नाही. चांदीचा चमचा काळा पडण्यावरूनही नाही.

त्या अळ्या बहुतेक वेळा माश्यांच्या असतात. बुरशीवर जगायची सवय माश्यांच्या वंशवृक्षात एकाच फांदीवर नाहीये, लांबलांबच्या फांद्यांवर ती वेगवेगळी आलीय. मायसेटोफिलिडी नावाच्या कुळात तर बहुतेकांच्या अळ्या बुरशीतच वाढतात, तुमच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर उडणारी बारीक काळी चिलटं त्यांचीच जवळची नातलग.

पण मला खरं सांगायचंय ते ड्रोसोफिलाबद्दल. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं. त्यांच्या काही भाऊबंदांनी उत्तर अमेरिका आणि युरोपच्या जंगलात अळंबी धरली, आणि त्यात अमानिटा जातीच्या जहाल अळंब्यासुद्धा आल्या, ज्यांच्यात अल्फा-अमानिटिन असतं. हे विष पेशीतलं जनुकांची नक्कल काढणारं यंत्र बंद पाडतं, की प्रथिनं बनणं थांबलं आणि पेशी मेली. शिजवून ते जात नाही. माणसाला सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग मध्येच बरं वाटायला लागतं आणि तेव्हाच आत लिव्हर निकामी होत असतं. ते मधलं बरं वाटणं मला सगळ्यात भयानक वाटतं.

आणि या माशीची अळी त्याच अळंबीत खाऊन-पिऊन मोठी होते! 1983 साली जीवशास्त्रज्ञ जॉन जेनिके आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, तेव्हा केळ्यावरची नेहमीची ड्रोसोफिला थोड्याशा विषानेही मरत होती, अळंबीवाल्या जाती मात्र त्याहून कितीतरी जास्त पचवत होत्या. गंमत म्हणजे पेशीतलं ते यंत्र अळंबीवाल्या माशीतही तितकंच नाजूक निघालं, म्हणजे बचाव दुसरीकडेच कुठेतरी होतोय, काही जातींत विष मोडून टाकणारी एन्झाइम्स त्यात हात लावतात. फायदा काय, तर या माश्यांना एक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक परजीवी जंत, लागतो, हॉवर्ड्युला, तो काही जातींच्या माद्यांना वांझ करून टाकतो, आणि विषारी अळंबीत वाढलेल्या माश्यांना त्याची बाधा कमी होते.

याच गटातली क्विनारिया नावाची जात अळंबी सोडून स्कंक कॅबेज नावाच्या दलदलीतल्या झाडाच्या कुजक्या पानांवर गेली आणि विष पचवायची ताकद तिच्यात राहिली नाही. अळंबी सुटली तशी ढालही गेली. म्हणजे माश्यांमध्येसुद्धा सख्ख्या चुलत जातीला जे पचतं ते दुसरीला पचत नाही, मग आपण अळीच्या भरवशावर कढई कशी चढवायची?

तुम्ही फोटो पाठवत राहा, अळी कुणाची असेल ते बघून सांगायचा प्रयत्न करीन, अळंबी खायची का ते मात्र फोटोवरून कधीच सांगणार नाही. आणि खाऊन कुणाला त्रास होत असेल तर मला मेसेज करत बसू नका, उरलेला तुकडा पिशवीत घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा, मध्ये बरं वाटलं तरी.